लेखनाच्या वर्गात माझ्यात काय बदललं? दोन बॅगांची गोष्ट

प्रश्न: सर्जनशील लेखनाच्या वर्गाचं सत्र संपत आलंय. ‘लेखक म्हणून माझी वाढ’ यावर टिपण द्यायचं आहे. मला तर उलट पूर्वीच बरं लिहीत होते असं वाटतंय. तुम्ही अशा वर्गाला गेला असाल तर काय लिहिलंत?

उत्तर: मलाही हे टिपण लिहावं लागलं होतं. पहिला खर्डा अर्ध्या तासात झाला. ‘या वर्गाने मला नवी दृष्टी दिली, आत्मविश्वास वाढला, भाषा समृद्ध झाली’ वगैरे. वाचून पाहिला आणि लाज वाटली. ज्या जातीच्या वाक्यांवर आम्ही सत्रभर लाल रेघा मारत होतो, नेमकी तीच मी भरून ठेवली होती. तो कागद टाकून दिला आणि पहिल्या आठवड्यात लिहिलेली कथा व तिचा शेवटचा खर्डा शेजारी ठेवून वाचायला बसले.

कथा साधी होती. भांडून गेलेला भाऊ दहा वर्षांनी बहिणीच्या दारात उभा राहतो. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: ‘तिला पाहताच त्याच्या मनात भावनांचा कल्लोळ उठला. असंख्य आठवणी डोळ्यांसमोरून झरझर सरकल्या. त्याने धावत जाऊन तिला मिठी मारली.’ याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

आमच्या वर्गात एक नियम होता, तुमच्याकडेही असेल. ज्याची कथा चर्चेला असेल त्याने तोंड उघडायचं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. तिच्या पठडीतल्या वर्गांमधून हा नियम बराच रुळला. ऐकायला सोपा वाटतो, पण आपली कथा आठ-दहा जण उसवत असताना गप्प बसून बघा एकदा. तर त्या दिवशी एरवी फारसं न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “पहिल्या ओळीत याच्या दोन्ही हातांत बॅगा आहेत. मग मिठी मारली कशी?”

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. ‘अरे, ठेवल्या असतील ना खाली!’ हे अगदी ओठांवर आलं होतं. बोलायची सोय नव्हती म्हणून गिळलं, आणि गिळता गिळता लक्षात आलं की बॅगांचं काय झालं हे मलाही माहीत नाही. मी त्या दारात कधी उभीच राहिले नव्हते. ‘कल्लोळ’, ‘झरझर’ असे शब्द आयते सुचत गेले आणि मी त्यांच्या मागे चालत गेले.

शेवटच्या खर्ड्यात ती जागा अशी आहे: ‘ती म्हणाली, ये ना आत. तो आला. ती बोलत राहिली, तो हं हं करत राहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, अरे, बॅगा ठेव की खाली.’ मिठी नाही, आठवणी नाहीत. हे सुचायला चार खर्डे लागले, आणि तेही ठरवून सुचलं नाही. बॅगांची चूक दुरुस्त करायला म्हणून बसले होते. कथेचा शेवट आजही लंगडाच आहे, पण ही जागा उभी राहिली.

आता तुमच्या ‘पूर्वीच बरं लिहीत होते’बद्दल. मला वाटतं, तुमचं लेखन बिघडलेलं नाही. वाचन आधी सुधारलंय आणि हात अजून मागे आहे. माझं तसंच झालं. इतरांचे खर्डे वाचताना सुरुवातीला मी ‘छान आहे, आवडलं’ एवढंच म्हणायचे. मग ‘दुसऱ्या पानावर माझं लक्ष उडालं’ असं म्हणता यायला लागलं. का उडालं हे सांगता यायला आणखी वेळ लागला. दुसऱ्याच्या कथेत दिसलेला दोष घरी येऊन आपल्या कथेत सापडतो, तेव्हा काही दिवस लिहावंसंच वाटत नाही. पहिल्या खर्ड्याच्या सहा पानांत मी ‘अचानक’ अकरा वेळा लिहिलं होतं. मोजेपर्यंत एकदाही दिसलं नव्हतं.

सगळा फायदाच झाला असं मात्र नाही. मध्ये दोन-तीन महिने विशेषणांची इतकी धास्ती बसली की माझी पात्रं नुसती उठत, बसत, दार लावत होती. वर्गातल्या सगळ्यांच्याच कथा एकसारख्या कोरड्या व्हायला लागल्या. कोणी चूक काढू नये म्हणून लिहिलेली कथा निर्दोष असते आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाही. हेही टिपणात लिहा. शिकवणाऱ्यांना राग येत नाही, निदान आमच्या बाईंना आला नाही. समासात त्यांनी फक्त ‘हो’ लिहिलं होतं.

तेव्हा ‘वाढ’ शोधत बसू नका. पहिला आणि शेवटचा खर्डा काढा, एकच परिच्छेद निवडा, आणि तो का बदलला, कोणाच्या कुठल्या प्रश्नामुळे बदलला तेवढं सांगा. एखादी सूचना ऐकली नसेल तर का ऐकली नाही तेही. माझं टिपण सव्वा पानाचं झालं, त्यातलं अर्धं पान बॅगांवर होतं.

शेवटच्या खर्ड्यातही ‘अचानक’ चार वेळा आहे. ते मात्र मी टिपणात लिहिलं नाही.