नववीतल्या कच्च्या वाचकांना मोठ्यानं वाचून दाखवायला कोणती पुस्तकं निवडावीत?

तुमच्या नववीच्या वर्गातली काही मुलं जोडाक्षर आलं की अडखळतात, म्हणून त्यांना चौथी-पाचवीच्या गोष्टी वाचून दाखवू का, असं तुम्ही विचारलंय. नका दाखवू. मीही माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि याबाबत माझं मत ठाम आहे: पुस्तक मुलांच्या वयाचं घ्यावं, त्यांच्या वाचनाच्या पातळीचं नव्हे. वाचणार तुम्ही आहात, अक्षरांशी झटापट त्यांना करायचीच नाहीये. मिसरूड फुटलेल्या पोरासमोर ससा-कासवाचं पुस्तक उघडलं की तो काय समजायचं ते समजतो. शेजारच्या तुकडीलाही मधल्या सुट्टीपर्यंत कळलेलं असतं.

गफ आणि टनमर या वाचनाच्या संशोधकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. आपल्या या मुलांची पहिली बाजू लंगडी असते, दुसरी बहुतेक वेळा शाबूत. गावातलं भांडण कुणी कुणाला काय बोललं इथपासून सांगणारा मुलगा कादंबरी ऐकून समजू शकत नाही, हे मला पटत नाही. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बारा आठवड्यांत दोन अवघड कादंबऱ्या लागोपाठ, जरा वेगानंच शिक्षकांकरवी वाचून दाखवल्या. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. कच्च्या वाचकांची समज चाचणीत सोळा महिन्यांइतकी पुढे सरकली होती. म्हणजे दर परिच्छेदाला थांबून 'यातून काय बोध मिळतो' विचारण्याची गरज नाही. वाचत सुटा.

आता पुस्तकं. सुरुवात द. मा. मिरासदारांच्या विनोदी कथांनी करा, 'भुताचा जन्म' किंवा 'माझ्या बापाची पेंड'. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर ही कथाकथन करणारी मंडळी. त्यांचं वाक्य कानाला कळतं, तुम्हाला नाटकीपणा करावा लागत नाही. शिवाय कथा एका तासात संपते आणि वर्ग हसला की पुढची वाट मोकळी होते.

मग माडगूळकरांचीच 'बनगरवाडी'. १९५५ सालची, आकारानं लहान. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, पोरं नसलेली शाळा, पुढे दुष्काळ. माझ्या वर्गात मेंढरांचा विषय निघाला तेव्हा फळ्यावरची ओळ वाचायला कधीच न उठणारा एक मुलगा आपणहून उभा राहिला. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी कशी लावतात, खुंट्या किती अंतरावर ठोकतात, कोकरं कुठं कोंडतात, सगळं हातवारे करून सांगितलं. माझा एक उच्चारही दुरुस्त केला, "सर, तसं नाय म्हनत आमच्यात." तुमची मुलं समुद्रकाठची किंवा गिरणगावातली असतील तर पुस्तक वेगळं लागेल. वर्गातल्या एखाद्या तरी मुलाला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे असं पुस्तक शोधा.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र, मुलींना आणि मुलांना सारखंच धरून ठेवतं. पळवलेलं तान्हं पोर घोडा देऊन सोडवलं जातं, एवढ्यावरच वर्ग गप्प होतो. प्रयोगशाळेच्या भागात मी काही पानं बेधडक गाळतो.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' नववीतल्याच मुलाची, आणीबाणीच्या काळातली. पण ती आधी स्वतः पुरती वाचा. त्यातली पोरांची भाषा मुलं-मुली एकत्र असलेल्या वर्गात तुमच्या तोंडून कशी येईल, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. प्रकाश नारायण संतांच्या लंपन या शाळकरी मुलाच्या कथा मला जीव की प्राण, तरी बेळगावकडचा तो हेल जमत नसेल तर हात लावू नका, वाट लागते.

कुठलंही पुस्तक घेण्याआधी पहिली दोन पानं घरी मोठ्यानं वाचून बघा. श्वास पुरत नसेल किंवा तुम्हालाच कंटाळा येत असेल तर ते ठेवून द्या, मग लेखक कितीही मोठा असो.

आणि पाळीपाळीनं वाचायला उभं करू नका. आपली पाळी कधी येते याकडेच लक्ष लागलं तर गोष्ट कोण ऐकणार? जमलं तर तालुक्याच्या ग्रंथालयातून चार-पाच प्रती आणून बाकावर ठेवा, ज्याला ओळीवरून बोट फिरवायचंय तो फिरवेल. जूनमध्ये मिरासदार, पावसाळ्यात 'बनगरवाडी', दिवाळीनंतर कार्व्हर. 'शाळा' घ्यायचीच तर सगळ्यात शेवटी, वर्ग तुमचा झाल्यावर.