शिष्यवृत्ती ६० टक्क्यांची, तरी चार वर्षांचा खर्च १५ लाख

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. पत्नी घरी शिलाईकाम करते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ४ लाख ८० हजार. आम्ही ओबीसी आहोत. मुलीला सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाने कॅम्पसवर विविधता यावी म्हणून ठेवलेली शिष्यवृत्ती तिला देऊ केली आहे. घरातली पहिली पदवीधर, मुलगी आणि लहान शहरातली, म्हणून. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या ४ लाख फीपैकी २ लाख ४० हजार माफ होतील. उरलेले १ लाख ६० हजार आणि हॉस्टेल-मेसचे दीड लाख आम्ही भरायचे. ६ लाखांची एफडी मोडावी आणि कमी पडेल तिथे पत्नीचे दागिने तारण ठेवावेत, असं ठरवतोय. धाकटा मुलगा नववीत आहे. आठ दिवसांत ५० हजार भरून जागा पक्की करायची आहे. भरू का?

उत्तर : नमस्कार. आधी तुमच्या मुलीचं मनापासून अभिनंदन.

आज ५० हजार भरू नका, असं मी सांगेन. मुलीला पाठवू नका असं मात्र मी म्हणत नाही.

तुम्ही ३ लाख १० हजारांना चारने गुणून १२ लाख ४० हजार धरलेत. तुम्ही जोडलेलं विद्यापीठाचं पत्र मी नीट वाचलं. त्यात माफी टक्क्यांत नाही, २ लाख ४० हजार अशी ठरावीक रकमेत आहे, आणि फी व हॉस्टेल दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असं लिहिलंय. वाढीचा सगळा भार तुमच्या वाट्याला येतो. पहिल्या वर्षी तुम्ही १ लाख ६० हजार फी भराल, चौथ्या वर्षी २ लाख ६४ हजार. हॉस्टेल धरून चार वर्षांचे होतात सुमारे १५ लाख १८ हजार. शिवाय दरवर्षी ७.५ सीजीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, हवा, नाहीतर माफी बंद. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष जड जाणं अगदी स्वाभाविक आहे. दोन वर्षांनी माफी गेली, तर आकडा २० लाखांच्या घरात जातो. शिष्यवृत्ती किती मिळते यावर घरात आनंद होतो, तो व्हायलाही हवा. पण निर्णय उरलेल्या रकमेवर घ्यायचा असतो.

आता दुसरी बाजू. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्याला सवलत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठं तर या योजनेतून वगळलेलीच आहेत. म्हणजे २ लाख ४० हजारांची माफी घेताना तुम्ही पूर्ण फीमाफी सोडताय. पत्रात तुम्ही याचा उल्लेखही केलेला नाही, म्हणून हे ठळकपणे सांगतोय.

घरी राहून वालचंदसारख्या सोलापुरातल्या कॉलेजात शिकली, तर विकास शुल्क, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च एवढंच उरतं. तुम्हाला तिला सोलापूरबाहेरचं जग दाखवायचंय, हे मला पटतं. मग कॅपमधूनच पुण्यातली कॉलेजं भरा. नामांकित सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर ९१ ला अवघड आहे, पण पुण्यातल्या विनाअनुदानित कॉलेजांमध्ये, शाखेबाबत थोडं लवचीक राहिलात तर, आशा ठेवायला जागा आहे. तिथे फी माफ, खर्च मुख्यतः राहण्याजेवण्याचा. याच दराने तो चार वर्षांत पावणेसात लाखांच्या आसपास होतो. नॉन-क्रिमिलेयर, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच हाताशी ठेवा.

विद्यापीठाचा रस्ताही लगेच बंद करू नका. ही शिष्यवृत्ती म्हणजे उपकार आहेत असं समजून तुम्ही संकोचताय, असं पत्र वाचताना जाणवलं. संकोच नको. त्यांनाही तुमची मुलगी हवी आहे. उच्च शिक्षण संस्थांच्या केंद्राकडून होणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीत सर्वसमावेशकतेला १० टक्के वजन आहे. त्यात मुलींचं प्रमाण मोजतात, परराज्यातली मुलं मोजतात, आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचाही हिशेब होतो. हा शेवटचा हिशेब धरताना संस्थेने किती जणांची पूर्ण शिक्षण फी स्वतः सोसली हे बघतात. निम्मी-अर्धी माफी तिथे मोजली जात नाही. त्यामुळे पूर्ण फीमाफी मागणं अगदी रास्त आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर घेत वाढलेली सोलापूरची मुलगी त्या वर्गाला काही देणारच आहे. तिने मान खाली घालून जायचं कारण नाही.

पूर्ण माफी जमत नसेल, तर माफी रकमेऐवजी टक्क्यांत द्या, सीजीपीए घसरला तर सुधारायला एक सेमिस्टर द्या आणि हॉस्टेलच्या खर्चातही सूट द्या, असं मागा. फोनवरचं आश्वासन धरू नका, ईमेलवर घ्या. ५० हजारांच्या परताव्याचा नियमही लेखी मागा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले मात्र त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे.

पूर्ण फीमाफी मिळाली, तर जरूर पाठवा. मग उरतं हॉस्टेल, आणि त्यासाठी शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर घ्या. विद्यापीठ केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत असेल तर तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं, आणि ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि पुढे एक वर्ष व्याजात ३ टक्के सवलत आहे. ती ठरावीक संख्येनेच मिळते, म्हणून ती धरून हिशेब मांडू नका. पूर्ण माफी न देता ती नुसती टक्क्यांत द्यायचं मान्य झालं, तर पुण्यातली कॅपची जागा हातची गेल्यावरच हा विचार करा, कारण मग कर्ज १० लाखांवर जाईल. १० टक्के व्याजाने चार हप्त्यांत उचललेले १० लाख परतफेड सुरू होईपर्यंत साडेतेरा होतात, आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये बसतो. पहिल्या नोकरीतून एवढं फेडणं तिला जमेल का, हे तिच्याशीच बोला. ती अठराची आहे, हा हिशेब तिला कळतो.

एफडीला हात लावू नका. तीन वर्षांनी मुलगा बारावीत असेल, आणि मुलगा असल्याने त्याला ही शंभर टक्के माफी नसेल. कारखान्याचं काम चार महिने मंदावलं तरी घर त्याच ६ लाखांवर चालणार आहे. आणि ताईंचे दागिने शिक्षणासाठी तारण ठेवायची तर यात कुठेच गरज पडत नाही.

या आठवड्यात विद्यापीठाला ईमेल करा, मुलीच्या हातून आणि तिच्याच नावाने, आणि त्याच दिवशी कॅपचे पर्याय भरायला बसा. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली नाही, तर ती जागा जाऊ द्या.