पहिल्या अर्धमॅरेथॉनची वेळ ठरवताना
तुमची १० किलोमीटरची वेळ ६० मिनिटे आहे, म्हणून २१.१ किलोमीटर त्याच गतीने २ तास ७ मिनिटांत होतील, हा तुमचा हिशेब स्वाभाविक असला तरी त्यात थकवा धरलेला नाही. अमेरिकी अभियंता पीट रीगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रात अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ हा घात घेऊन त्याने आधीची वेळ गुणतात आणि त्यानुसार उत्तर सुमारे २ तास १२ मिनिटे येते. तेही लांब पल्ल्याचा सराव पुरेसा झाला असेल तरच. पहिल्या खेपेला मी २ तास २० मिनिटे धरेन आणि पहिले ५ किलोमीटर प्रत्येकी ६ मिनिटे ४५ सेकंदांपेक्षा वेगाने धावणार नाही.

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या चढाच्या शर्यतीतली वेळ मुंबईतल्या शर्यतीच्या वेळेशी ताडून पाहू नका. तुलना करायचीच तर त्याच मार्गावरच्या आपल्याच जुन्या वेळेशी करा, आणि तीही आरंभरेषा ओलांडल्यापासून वेळ मोजणाऱ्या चिपने नोंदलेल्या, कारण गर्दीतून आरंभरेषेपर्यंत पोहोचण्यातच काही मिनिटे जातात. मनगटावरचे जीपीएस घड्याळ बहुधा अंतर थोडे जास्त दाखवते. त्यावरून आयोजकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी उशिराच शिकलो.