बदलापूरला लोकल का वाढत नाहीत?

प्रश्न: घर परवडलं म्हणून बदलापूरला फ्लॅट घेतला. नोकरी दादरला. आजूबाजूला टॉवरवर टॉवर उभे राहताहेत, सकाळची लोकल मात्र फलाटावर लागते तीच भरलेली. रेल्वे सरळ गाड्या का वाढवत नाही?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर: ताई, तुमची तक्रार अगदी खरी आहे. गाडी भरलेली येते, कारण अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं उलटी बदलापूरपर्यंत येऊन जागा धरतात. त्यांच्यावर रागावू नका. तसं केलं नाही, तर त्यांना दारातसुद्धा पाय ठेवायला मिळत नाही.

गाड्या वाढत नाहीत, कारण रूळ वाढलेले नाहीत. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्ग: एक जायचा, एक यायचा. पुण्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही त्याच रुळांवरून जातात. माझी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्या कक्षात झाली. तिथे चार्टवर प्रत्येक गाडीची रेघ ओढायची असते. लोकल अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी असं थांबत जाते. मागून न थांबता येणारी मेल तिला गाठते. मेलला मोकळी वाट द्यायची, तर तिच्यापुढे एखादी लोकल सोडताच येत नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळी त्या चार्टवर नवी रेघ घालायला जागाच नसे.

आता माणसं किती वाढली बघा. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. पुढची जनगणना लांबली, बांधकामं थांबली नाहीत. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली 2019 मध्ये, एमयूटीपी 3-अ, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या 3-अ टप्प्यात. अंतर जेमतेम 14 किलोमीटर! इमारतींना परवानग्या आधी आणि रुळांसाठी जमीन मागाहून, हा क्रम मला संतापजनक वाटतो. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी पडून दगावले, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

नवे रूळ येईपर्यंत एक गोष्ट जमण्यासारखी आहे: 15 डब्यांच्या लोकल. 12 च्या जागी 15 डबे म्हणजे त्याच वेळेत सव्वापट माणसं. त्यासाठी फलाट लांब करावे लागतात, पण ते काम नवे रूळ टाकण्यापेक्षा पुष्कळ सोपं. तुमच्या प्रवासी संघटनेच्या निवेदनात नुसतं ‘गाड्या वाढवा’ लिहू नका. फलाटांची लांबी कधी वाढणार आणि नव्या मार्गाची किती जमीन ताब्यात आली, याचं लेखी उत्तर मागा. खासदारांकडेही हेच मागा.