वाचक विचारतात : ग्रीक कोणाला म्हणायचे?

प्रश्न : एम.ए.साठी आधुनिक ग्रीकांच्या राष्ट्रवादावर लघुप्रबंध लिहीत आहे. सुरुवात प्राचीन ग्रीक नेता पेरिक्लीसच्या अथेन्सपासून करू का? आणि ओळख तपासायची ही पद्धत आपल्या अहिराणीला लावता येईल का?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : पेरिक्लीसपासून सुरुवात करू नका. जे तपासायचे तेच त्यात गृहीत धरले जाते. प्राचीन काळापासून आजपर्यंत ग्रीकांची साखळी अखंड आहे, ही मांडणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडली. स्लाव लोकांच्या वस्तीमुळे जुना ग्रीक वंश संपला, असे फालमरायर या जर्मन अभ्यासकाने १८३० मध्ये लिहिले. पुढे ग्रीक इतिहासकार पापारिगोपुलोस यांनी आपल्या इतिहासात बायझंटाइन (मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळाला मधली कडी ठरवले.

सुरुवात शब्दांपासून करा. ग्रीक ज्याच्या अंमलाखाली होते त्या उस्मानी (तुर्की) राज्यात प्रजेची गणना धर्मावरून होई. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणूस ग्रीक बोलो की बल्गेरियन, तो 'रूम मिल्लत'मध्येच, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मसमूहातच. साधा शेतकरी स्वतःला 'रोमिओस', म्हणजे रोमन, म्हणवी. 'एलिनास' हा आज 'ग्रीक' या अर्थाचा शब्द चर्चच्या लेखनात अनेक शतके मूर्तिपूजकासाठी वापरला जात होता. तोच पुढे अभिमानाचा कसा झाला, हा तुमच्या प्रबंधाचा गाभा ठेवा. उस्मानी सत्तेविरुद्धचा १८२१ चा उठाव, १८३० चे स्वतंत्र राज्य, १८३४ मध्ये नाफ्प्लिओहून अथेन्सला आलेली राजधानी, १८४४ मध्ये ग्रीक राजकारणी कोलेत्तिस यांनी मांडलेली 'महान कल्पना' (सर्व ग्रीकांना एका राज्यात आणण्याची) हे टप्पे थोडक्यात घ्या.

१९२३ वर मात्र सविस्तर लिहा. लोझानच्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली, आणि कसोटी भाषेची नव्हे, धर्माची लावली. अनातोलियातले (आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातले) करामानली ऑर्थोडॉक्स होते, पण घरात तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ग्रीसला पाठवले. क्रीटमधले मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्कस्तानात जावे लागले. सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान यात मोजले जातात. त्यांतले बरेच जण करारापूर्वीच पळून आले होते, म्हणून 'करारामुळे १२ लाख हलले' असे लिहू नका. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना वगळले होते, हेही नोंदवा. आपण कोण, हे या माणसांना कोणी विचारले नाही. म्हणून सरकारी रकाना आणि माणसाची स्वतःची ओळख हे दोन पुरावे कायम वेगळे ठेवा.

अहिराणीसाठीही हाच नियम. ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भाषा सर्वेक्षणात खानदेशी (म्हणजे अहिराणी) ही भिल्ली भाषांबरोबर, १९०७ च्या खंडात आहे. ते वर्गीकरण भाषाशास्त्राचे. बोलणाऱ्याला स्वतःबद्दल काय वाटे, ते त्यातून कळत नाही. जनगणनेतही तेच : घरात अहिराणी बोलणारा माणूस 'मातृभाषा मराठी' सांगतो, तेव्हा आकडा घटतो, बोली नव्हे. जुने आकडे जुळवताना एक चूक हमखास होते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यामुळे १९०१ चा 'खानदेश' आणि १९११ चा 'पूर्व खानदेश' यांची थेट तुलना करता येत नाही. आधी १९११ च्या दोन्ही खानदेशांची बेरीज करा, तालुक्यांची यादी ताडून पाहा आणि मगच टक्केवारी काढा.