अमेरिकेत शिकताना व्हॉलीबॉल: क्लब की व्हर्सिटी

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे, उंची सहा फूट एक इंच, शालेय स्पर्धांत राज्यस्तरापर्यंत खेळला आहे आणि बारावीनंतर त्याला अभियांत्रिकीसाठी अमेरिकेत पाठवायचा आपला विचार आहे. तेथे आधी विद्यापीठाच्या क्लब संघातून खेळून पुढे मुख्य संघात आणि शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचता येईल का, असे आपण विचारले आहे. मी 2009 मध्ये एम.एस.साठी मिडवेस्टमधील एका सरकारी विद्यापीठात आलो, दोन वर्षे क्लब संघातून खेळलो आणि पुढे काही वर्षे त्याच क्लबच्या मुलांना विनामोबदला शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो की, हा मार्ग नाहीच असे धरून आपण निर्णय घ्यावा.

आपल्याकडे मुलगा आधी महाविद्यालयात प्रवेश घेतो, मग निवड चाचणी देतो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो आणि तेथून विद्यापीठाच्या संघात, अश्वमेध या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाला जातो. अमेरिकेत व्हर्सिटीचा, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा, क्रम याच्या उलट आहे. प्रशिक्षक शाळकरी वयातच खेळाडू हेरतो, त्याच्याशी बोलणी करतो आणि त्यानंतर तो खेळाडू त्या विद्यापीठात प्रवेश घेतो. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या विद्यापीठीय क्रीडा संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, डिव्हिजनचे प्रशिक्षक खेळाडूशी दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या 15 जूनपासून थेट संपर्क साधू शकतात, म्हणजे आपल्या मुलाच्या वयाच्या अमेरिकन मुलांशी ही बोलणी आधीच सुरू झालेली असतात. क्लबची निवड मात्र प्रवेशानंतर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जिममध्ये येईल त्या प्रत्येकाची चाचणी घेऊन होते.

‘क्लब’ या शब्दानेही घोटाळा होतो. अमेरिकेत शाळकरी मुले ज्या खासगी क्लबांतून खेळतात, त्यांच्या स्पर्धांना विद्यापीठांचे प्रशिक्षक हजर असतात आणि खरी निवड तेथे घडते. विद्यापीठातला क्लब ही वेगळी संस्था आहे. ती क्रीडा विभागाच्या नव्हे, विद्यार्थ्यांच्या करमणूक व व्यायाम विभागाच्या अखत्यारीत येते आणि तेथे कोणाची निवड करायला कोणी प्रशिक्षक येत नाही. ‘क्लबमधून निवड होते’ असे आपण कोठे ऐकले असेल, तर ते बहुधा शाळकरी क्लबांविषयी असावे.

आता मुलांच्या खेळाची खरी अडचण. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये मुलींचे व्हॉलीबॉल संघ सव्वातीनशेहून अधिक आहेत, तर मुलांचे जेमतेम तीसच्या आसपास. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे विद्यापीठांना मुलामुलींना खेळाच्या संधी समान प्रमाणात द्याव्या लागतात, आणि मुलांच्या बाजूच्या पुष्कळशा जागा एकटा अमेरिकन फुटबॉल घेतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना 30 ऑगस्ट 2023 रोजी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये झाला, तेव्हा 92,003 प्रेक्षक होते. याच देशात मिशिगन, टेक्सास, इलिनॉय, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन या अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या सरकारी विद्यापीठांत मुलांचा व्हर्सिटी संघच नाही. आपल्या यादीत अशी विद्यापीठे असतील, तर तेथे क्लबमधून वर चढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जेथे संघ आहे तेथे शिष्यवृत्तीचे काय? 2024-25 पर्यंत मुलांच्या संपूर्ण संघाला मिळून साडेचार पूर्ण शिष्यवृत्तींची मर्यादा होती. त्या पंधरा-वीस जणांत तुकड्यांनी वाटल्या जात, आणि पूर्ण खर्च उचलला जाणारा खेळाडू विरळाच असे. न्यायालयातील तडजोडीनंतर 2025-26 पासून नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांत मर्यादा शिष्यवृत्तींवर नाही, खेळाडूंच्या संख्येवर आहे, आणि मुलांच्या व्हॉलीबॉलसाठी ती 18 आहे. परंतु मर्यादा उठली म्हणून पैसा उपलब्ध झाला असे होत नाही. शिवाय या जागांसाठी युरोप, कॅनडा, ब्राझील, पोर्तो रिको येथील मुले येतात. सहा फूट एक इंच उंचीने आपल्या विभागात स्मॅशर म्हणून नाव होते, पण येथे त्या उंचीच्या मुलाकडे प्रशिक्षक प्रामुख्याने सेटर (स्मॅशसाठी चेंडू उठवून देणारा) किंवा लिबेरो (मागे राहून बचाव करणारा) म्हणून पाहील. आपला मुलगा सेटिंग करत असेल, तर हे वाचून निराश होऊ नका.

मुलगी असती तर मी वेगळे लिहिले असते, कारण मुलींसाठी जागाही अधिक आहेत आणि शिष्यवृत्तीही.

तरीही प्रयत्न करायचाच असेल, तर तिसऱ्या डिव्हिजनकडे गंभीरपणे पाहा. तेथे मुलांचे शंभराहून अधिक संघ आहेत आणि बहुतेक लहान खासगी महाविद्यालयांचे आहेत. क्रीडा शिष्यवृत्ती तेथे नियमानेच देता येत नाही, मात्र गुणवत्तेवर मिळणारी सवलत परदेशी विद्यार्थ्यालाही मिळू शकते. म्हणून तेथे मुलाचे गणिताचे गुण त्याच्या स्मॅशपेक्षा जास्त पैसे वाचवतील. एनएआयए नावाची लहान महाविद्यालयांची वेगळी संघटना आहे, तिची महाविद्यालये क्रीडा शिष्यवृत्ती देऊ शकतात. तेथे आपल्याला हवी ती अभियांत्रिकी शाखा आहे का, हे मात्र आधी तपासा.

प्रशिक्षकांना मुलाने स्वतः ई-मेल लिहावा, आपण किंवा एजंटाने नव्हे. लाखभर रुपये घेऊन ‘प्लेसमेंट’ करून देणारे भेटतील, पण प्रशिक्षकांचे पत्ते महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी असतात. आपण प्रमाणपत्रांच्या फायली जपतो, कारण आपल्याकडे क्रीडा गुण आणि नोकरीतील आरक्षण त्यांवर मिळते. अमेरिकन प्रशिक्षकाला राज्यस्तराचे प्रमाणपत्र पाहून खेळाचा अंदाज येत नाही, त्याला व्हिडिओ हवा असतो. कोर्टाच्या मागच्या रेषेच्या पाठीमागून, थोड्या उंचीवरून घेतलेला, तीन-चार मिनिटांचा निवडक खेळ आणि सोबत एक संपूर्ण सेट काटछाट न करता पाठवा, कारण चूक झाल्यावर मुलगा कसा वागतो हे त्या सेटमध्येच दिसते. आपल्याकडचे बरेच सामने मातीच्या मैदानावर होतात, तेव्हा शक्य असेल तर एखादा सामना इनडोअर कोर्टावरचा असू द्या. ई-मेलमध्ये उंची, उभ्याने हात पोहोचतो ती उंची, धावत येऊन उडी मारल्यावर पोहोचतो ती उंची, संघात खेळतो ती जागा, बारावीचे वर्ष आणि गुण लिहा. उडीचे आकडे फुगवू नका, व्हिडिओत ते लगेच उघडे पडतात.

प्राइम व्हॉलीबॉलसारख्या व्यावसायिक लीगचा करार किंवा मानधन घेण्यापूर्वी एनसीएएचे पात्रतेचे नियम वाचा, आणि घेतले असल्यास ते लपवू नका. बारावीनंतर ‘ड्रॉप’ घेऊन मुलगा संघटित स्पर्धा खेळत राहिला, तर त्याचे पात्रतेचे हंगाम, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळता येणारी वर्षे, कमी होऊ शकतात.

आणि क्लब? त्याला कमी लेखू नका. मुलांचे व्हर्सिटी संघ इतके थोडे असल्यामुळे मोठ्या विद्यापीठांचे क्लब संघ खरोखर ताकदीचे असतात. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये सहज खेळू शकली असती अशी मुले तेथे केवळ अभ्यासक्रमासाठी आलेली असतात. मी प्रथम चाचणीला गेलो तेव्हा सत्तरएक जण होते आणि माझी निवड दुसऱ्या संघात झाली. सराव आठवड्यातून दोन-तीन रात्री असे. अध्यक्ष, खजिनदार सगळे विद्यार्थीच, तेच जिम राखून ठेवत, गाड्या ठरवत, वर्गणी गोळा करत. ही वर्गणी वर्षाला काही शे डॉलर असते, ती खर्चात धरा. शनिवारी पहाटे निघून चार तास गाडी चालवायची, दिवसभर सामने खेळायचे आणि आपला सामना नसेल तेव्हा पंचाचे, रेषेचे, गुणफलकाचे काम करायचे. एप्रिलमध्ये क्लब संघांची राष्ट्रीय स्पर्धा असते. एका प्रचंड सभागृहात शेजारी शेजारी मांडलेली कोर्टे मी प्रथम पाहिली, तेव्हा परदेशात एकटा आहे ही भावना काही दिवस तरी पूर्ण नाहीशी झाली. व्हर्सिटीच्या मुलांना हंगामात आठवड्याला वीस तासांपर्यंत सराव आणि सामने असतात, शिवाय प्रवास. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी क्लबचे वेळापत्रक पेलते.

एक सावधगिरी मात्र हवी. क्लब खेळाडूला व्हर्सिटीसारखी वैद्यकीय व्यवस्था मिळत नाही. माझा घोटा मुरगळला तेव्हा विम्याने सुरुवातीची रक्कम माझ्यावरच टाकली आणि ती माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याइतकी होती. विमा घेताना क्रीडा दुखापती आणि स्वतः भरावयाची रक्कम, दोन्ही पाहून घ्या.

पुढच्या महिन्यात करण्याजोगे काम एकच आहे. एनसीएएच्या पात्रता केंद्राला पहिल्या दोन डिव्हिजनसाठी नववीपासूनच्या चारही वर्षांचे गुण लागतात, आणि आपल्याकडे दहावी-बारावीखेरीज गुणपत्रिका कोणी जपून ठेवत नाही. नववीची गुणपत्रिका घरात सापडली नाही, तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत आत्ताच काढून घ्या. आणि मुलाने खेळाचा व्हिडिओ पाठवला, तर मी तो पाहून त्याला माझे मत जरूर कळवीन.