ज्युरी देशात नाही, तरी मुलीने हाच विषय धरावा का?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले. पाच एकर शेती, कापूस आन् सोयाबीन. पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेऊन. तिनं नानावटी खटल्याचं काहीतरी वाचलं, तवापासून एकच धरून बसली : आरोपीला दोषी ठरवायला ज्युरीचं, म्हणजे खटला ऐकून कौल द्यायला बसवलेल्या साध्या नागरिकांचं, एकमतच पाहिजे का बहुमत चालन, यावर मी पुढं शिकन. आपल्या देशात ज्युरी नाही, हे तीच सांगते. मंग हे शिकून करन काय? आम्ही म्हणतो बी.एड. कर, नाहीतर तलाठी भरती दे.

उत्तर : नमस्कार भाऊ. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून आधी पोटापाण्याचंच बोलतो. ज्युरीवर संशोधन करणारा माणूस पाहिजे, अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. मुलीने रस्ता वकिलीचा धरावा आणि हा प्रश्न सोबत न्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण प्रश्न सोडून दे, असं तिला म्हणू नका. तो तुम्हाला वाटतो तितका परका नाही.

१९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटींवरच्या खून खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा ‘निर्दोष’ कौल दिला. जुन्या कायद्यात सत्र न्यायाधीशाला कौल पटला नाही, तर प्रकरण हायकोर्टाकडे पाठवता येई. तसंच झालं. हायकोर्टाने दोषी ठरवलं, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. ज्युरी या खटल्यामुळेच गेली असं सर्रास सांगतात, पण कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करावी म्हटलं होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

ज्युरी गेली, प्रश्न राहिला. दिल्लीतल्या १९९३ च्या बॉम्बस्फोटात देवेंदरपालसिंग भुल्लरची फाशी सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये २ विरुद्ध १ मतांनी कायम केली. तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत त्याला निर्दोष सोडावं असं होतं. पुढे २०१४ मध्ये फाशीची जन्मठेप झाली, पण ती दयेच्या अर्जाला लागलेला उशीर आणि त्याचा मानसिक आजार या कारणांनी. कायद्यात हयात घालवलेल्या एका न्यायमूर्तींना शंका होती, तरी फाशी टिकली. मग संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा तो नेमका कोणाच्या संशयाचा? तुमची मुलगी हेच विचारते आहे.

अमेरिकेत यावर मोठा इतिहास आहे. लुईझियाना राज्याने १८९८ मध्ये एकमताची अट काढली, ती कृष्णवर्णीय माणूस ज्युरीत बसला तरी त्याच्या मताला किंमत राहू नये म्हणून. त्या राज्यात १० विरुद्ध २ मतांनी खुनात दोषी ठरलेल्या इव्हांजेलिस्टो रामोसच्या प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी सगळ्या राज्यांत एकमत सक्तीचं केलं. फेरखटल्यात, २०२३ मध्ये, रामोस निर्दोष सुटला. इंग्लंडने मात्र १९६७ पासून १० विरुद्ध २ चालवून घेतलं. एखाद्या ज्युररला पैसे चारून किंवा धमकावून खटला बुडवतील, ही त्यांची भीती. तीही खोटी नाही.

माझा स्वतःचा कल एकमताकडे आहे. हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन या अमेरिकी अभ्यासकांचं काम १९८३ मध्ये आलं. त्यांनी साध्या नागरिकांच्या बारा-बारा जणांच्या लुटुपुटीच्या ज्युरी बसवल्या, कुठे बाराही मतं लागतील, कुठे दहा, कुठे आठ. जिथे बहुमत पुरे होतं, तिथे चर्चा लवकर आटोपली आणि कमी संख्येच्या बाजूला बोलायला वाव कमी मिळाला. ग्रामसभेत ठराव मंजूर झाल्यावर मागे बसलेल्या बाईचं कोणी ऐकत नाही, तसंच.

पण १९९८ मध्ये फेडरसन आणि पेसेनडॉर्फर या अभ्यासकांनी गणिताने उलटं मांडलं. एकमताचा नियम असेल तर माझ्या मताने निकाल फिरतो तो फक्त बाकी अकरा जण ‘दोषी’ म्हणत असतील तेव्हाच. मग मी मनात म्हणतो, अकरा जणांना काहीतरी दिसलं असेल, माझीच शंका चुकीची असेल. असा विचार सगळ्यांनीच केला, तर निर्दोष माणूस अडकण्याची शक्यता एकमताच्या नियमातच जास्त! हे वाचून माझा कल बदलला नाही, कारण खरी माणसं मत देण्याआधी एकमेकांशी बोलतात. पण मुलीला या विषयात उतरायचं तर हे गणित टाळून चालणार नाही. बी.ए.वाल्या मुलांची अडचण इथेच होते. तिने आतापासून संख्याशास्त्र धरावं. सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर ते फुकट शिकता येतं.

आता रस्ता. बी.ए. पूर्ण होताच तीन वर्षांचं एलएल.बी., त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा, एमएच-सीईटी लॉ. ही परीक्षा मराठीतून देता येते. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय किंवा नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांना २०२४ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची माफी आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग लागते.

सनद (वकिलीचा परवाना) मिळाली की यवतमाळला सत्र न्यायालयात फौजदारी प्रॅक्टिस करावी. गरीब आरोपींसाठी विधी सेवा प्राधिकरणाची लीगल एड डिफेन्स कौन्सिलची पदं असतात, त्यांना महिन्याचं मानधन मिळतं. न्यायाधीश व्हायचं तर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली लागते, म्हणजे प्रॅक्टिस वाया जात नाही. एलएल.एम. आणि पीएच.डी. त्यानंतर. विषय मात्र परदेशी ज्युरीपुरता ठेवू नये. आपल्याकडच्या फौजदारी अपिलांत खंडपीठातल्या न्यायाधीशांचं आपसात दुमत झालं की आरोपीचं काय होतं, हा घ्यावा. मार्गदर्शकही मिळेल, प्राध्यापकीही.

बी.एड. ती वकिलीनंतरही करू शकते. तलाठी भरती द्यायला हरकत नाही, पण तिच्यासाठी बी.ए.चं शेवटचं वर्ष आणि सीईटी मागे टाकू नका.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिला यवतमाळच्या कोर्टात नेऊन बसवा, खुल्या कोर्टात कोणालाही बसता येतं. पंचनाम्यावर सही केलेला पंच पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, सही माझीच आहे, पण पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली. त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हे तिने तिथे बसून स्वतः ठरवावं. मग एखादं निकालपत्र घ्यावं, त्यातला पुरावा मराठीत दोन पानांत उतरवावा, शेवट झाकावा आणि वर्गातल्या बारा जणांना द्यावा. चर्चेआधी चिठ्ठीवर मत, चर्चेनंतर पुन्हा मत. कोण फिरलं आणि कशामुळे, हे लिहून तिने मला पाठवावं, मी वाचून कळवतो.